पार्किंग चारवरचं अंडं

चूक हे लिहिणाऱ्याची. आधीच कबूल केलेली बरी, कारण साईनाथ बडेकर ती अजूनही चौक गावच्या नाक्यावर कुणी विचारलं नाही तरी सांगत असतो. त्याने डांबराचा फोटो काढून आणायला सांगितलं होतं. डांबराचाच काढला. लोधिवलीजवळ जुन्या हायवेचा एक तुकडा रस्ता सरळ केल्यापासून बाजूला पडून आहे, तिथे भर दुपारी बाराला, सावली पडू नये म्हणून, टेंपोच्या टपावर उभं राहून काढला. तीन वाटा मिळतात तिथे आदल्या रात्री, अवसेची, कुणीतरी उतारा ठेवून गेलं होतं. पळसाचं पान, त्यावर भाताचा मुटका, कुंकू लावलेलं अर्धं लिंबू, एक अंडं, एक नारळ. असला उतारा आपल्याकडे कुणी पायाने सारत नाही आणि ओलांडत तर नाहीच. टेंपो चार हात पुढे घेतला, उतारा बाहेर राहिला असं समजून फोटो काढला आणि टप तापला होता म्हणून खाली उडी मारली. मोबाईल माणसापेक्षा रुंद बघतो, हे ध्यानात राहिलं नाही.

तीन महिन्यांनी, एका गुरुवारी, साईनाथला युरोपातून मेल आला. पाठवणारा हॅल्वर नावाचा निवृत्त शिक्षक. मेल इंग्रजीत होता, त्याचा अर्थ असा: "विमानतळ सुंदर झाला आहे. मात्र पार्किंग चारवर एक अंडं आहे. पार्किंग पाचवरही आहे. मी मोजली, एकूण अडतीस भरली. ही त्या बेटाची काही स्थानिक पद्धत आहे का?"

आता हे बेट कुठलं आणि साईनाथचा त्याच्याशी काय संबंध, ते सांगायला हवं. कारण साईनाथने आयुष्यात बेट पाहिलेलं नाही. समुद्र पाहिलाय तो दोनदा. त्यातल्या पहिल्या खेपेला शाळेच्या सहलीत एसटीत उलट्या झाल्यामुळे तो अलिबागच्या किनाऱ्यावर आडवा पडून होता, म्हणजे एकदाच म्हणायचं. विमानात तो बसलेला नाही. पनवेलकडे खरा विमानतळ झाला तेव्हा अर्धा गाव टेंपो करून बघायला गेला. साईनाथ गेला नाही. "त्यात काय बघायचंय?" तो म्हणाला. "तो आधीच कुणीतरी बनवलाय."

बनवलाय म्हणजे सिमेंटने नव्हे. जगात काही लाख माणसं अशी आहेत की जी घरच्या कंप्युटरवर विमान चालवतात. गोळ्या झाडायच्या नाहीत, शर्यत नाही, काही नाही. नुसतं चालवायचं. तीन तास समुद्रावरून सरळ जायचं, खाली पाणी, वर ढग, आणि शेवटी उतरायचं. उतरायला विमानतळ लागतो. गेमबरोबर येतात ते विमानतळ या मंडळींना खोटे वाटतात (खऱ्याची एवढी चाड असलेला माणूस खऱ्या विमानात का बसत नाही, हे विचारायचं नाही), म्हणून ते वेगळे पैसे देऊन जास्त हुबेहूब विमानतळ विकत घेतात. असे विमानतळ बनवणारे घरोघर बसलेले असतात. त्यातलं एक घर लोधिवलीपासून आत दीड किलोमीटरवर, साईनाथच्या वडलांचं, आबाजी बडेकरांचं. पुढे पडवी, मागे भाताची कोठी, आणि कोठीच्या शेजारच्या खोलीत सान बेनेरो नावाचं अटलांटिक महासागरातलं बेट.

साईनाथ चौतीस वर्षांचा. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला, कारण शिकवणाऱ्यांना काही येत नव्हतं. माथेरानच्या एका हॉटेलात काउंटरवर आठ महिने होता. ते सोडलं, कारण गिऱ्हाइकं अडाणी. तिथे गाडीला बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून वर चालावं लागतं हे ऐकून लोक रडायचे, आणि साईनाथला त्यांची दया न येता किळस यायची. तिथल्याच कुणा पाहुण्याच्या पोराकडे त्याने हा विमानाचा खेळ पाहिला. तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, तो बसलेला होता. मधल्या काळात लग्न झालं. पहिला कंप्युटर आबाजींनी घेऊन दिला, त्यातलं चित्रं दाखवणारं महागाचं कार्ड बायकोच्या, रूपालीच्या, भिशीतून आलं, आणि खुर्ची कर्जतच्या बंद पडलेल्या सलूनमधून आणली. ती वरखाली होते. विमान उतरवताना साईनाथ ती खाली घ्यायचा.

या सहा वर्षांत त्याने गावातल्या प्रत्येक माणसाबद्दल एकेक मत बनवून ठेवलं. भात लावणारे मागासलेले. कंपनीत जाणारे गुलाम. खालापूरकडे फार्महाऊस बांधून शनिवारी शेकोटीपुढे नाचणारे मुंबईकर तर माणसातच धरायचे नाहीत. सत्यनारायण घालणारे अंधश्रद्धाळू. पूजेला तो बसत नाही, प्रसादाचा शिरा मात्र दोन वाट्या खातो. ज्यांच्यासाठी राबतो त्या गिऱ्हाइकांबद्दल तर बोलायलाच नको. हॅल्वरने एकदा स्वतःचा फोटो पाठवला होता. सत्तरीचा म्हातारा, स्वयंपाकघरात बसलेला, अंगात खांद्यावर चार पट्ट्या असलेला वैमानिकाचा शर्ट. समोर कंप्युटरचे तीन पडदे, बाजूला सूप.

"ह्याची बायको ह्याला सूप देते तेव्हा आधी अनाउन्समेंट करते म्हणे," साईनाथ म्हणाला. "पट्टा बांधून घ्या म्हणून."

"तुमाला कोण बांधतंय?" रूपाली ताट ठेवता ठेवता म्हणाली.

पण काम तो मनापासून करायचा, एवढं त्याच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल. सान बेनेरोवर तो कधी गेला नाही, पण तिथली भिंत किती फुटी, कुठल्या खिडकीची काच फुटलेली, हे लोकांच्या सुट्टीतल्या फोटोंवरून त्याने काढलं होतं. आणि वर चिकटवायच्या पृष्ठभागांचे फोटो आपल्याकडचे. त्याचं त्याला मोठं कौतुक. विमानतळाच्या इमारतीचा पत्रा कर्जतच्या भातगिरणीचा. बाजूची लाल माती माथेरानची. गवत आबाजींच्या बांधावरचं. आणि विमानं उभी राहतात ते पटांगण लोधिवलीच्या डांबराचं. एक फोटो घ्यायचा, त्याचा चौकोन करायचा, आणि फरशी बसवावी तसा तोच चौकोन शेजारी शेजारी लावत जायचं. पटांगणाला असे अडतीस चौकोन लागले. चौकोनाच्या कडेला छोटा तांबूस ठिपका होता, तो त्याला दिसला होता. "ऑईलचा डाग," तो तेव्हा म्हणाला होता. "जागा जिवंत वाटते."

बेट आता विकायला लावायचं होतं. परदेशातल्या एका दुकानाने तयारी दाखवली होती, हॅल्वर त्यांच्यासाठी तपासणी करायचा. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं निर्दोष करून चढवायचं, नाहीतर दुकान दुसऱ्या कुणाचं तरी बेट घेणार. इकडे रूपालीच्या भावाने खालापूरच्या एका पॅकिंगच्या कंपनीत साईनाथसाठी स्टोअरकीपरची जागा धरून ठेवली होती. सोमवारी सकाळी आठला गेटवर. नवरा-बायकोत सरळ ठरलं होतं: रविवारी बेट लागलं तर नोकरीचं नाव काढायचं नाही, आणि नाही लागलं तर सोमवारी डबा घेऊन निघायचं. सहा वर्षं गावाला मूर्ख ठरवलेल्या माणसाला गावातल्याच सात जणांबरोबर कंपनीच्या बसमध्ये बसायचं होतं. त्याच्यासाठी याहून वाईट काही नव्हतं.

तर गुरुवारी मेल आला. साईनाथने तो चौकोन उघडून मोठा केला, आणखी मोठा केला, आणि खुर्ची मागे सरकवली.

डाग नव्हता. पान होतं, भात होता, लिंबू होतं.

त्याने पहिल्यांदा हे लिहिणाऱ्याला फोन केला. त्यात जे बोलला ते इथे देता येत नाही. दुसऱ्यांदा केला तेव्हा म्हणाला, "ये आणि पूस."

"दोन मिनिटांचं काम आहे, तूच पूस की."

"तू आणलास, तू पूस."

"फोटो काढला तेवढं पुरे झालं. मी नाही हात लावणार."

"अडाणी आहेस," साईनाथ म्हणाला आणि फोन ठेवला.

काम खरोखर दोन मिनिटांचं होतं. बाजूचं डांबर उचलायचं आणि त्या जागेवर घासायचं. दुसरा फोटो लावायचा म्हटलं तर महिना गेला असता, कारण भेगा, पिवळे पट्टे, दिव्यांचे डाग, सगळं त्याच एका फोटोवर बेतलेलं. म्हणजे पुसायचंच. साईनाथने माऊस धरला. बाण लिंबावर नेला. बाण तिथे थांबला. साईनाथ उठून पाणी प्यायला. परत बसला. बाण अंड्यावर नेला. मग त्याने खुर्ची वर घेतली, खाली घेतली, आणि शुक्रवारचा अख्खा दिवस बेटावरच्या एका कुंपणाचा रंग बदलण्यात घालवला, ज्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं.

उताऱ्याला हात लावला की ज्याचं जे काही उतरवलेलं असतं ते हात लावणाऱ्याला चिकटतं, हे आपल्याकडे शेंबडं पोर जाणतं. साईनाथही शेंबडं पोर होता तेव्हापासून जाणत होता. त्याविरुद्ध त्याने पंधरा वर्षं भाषणं दिली होती. पण इथे एक नव्हता, अडतीस होते. कुणाचं काय उतरवलंय ते माहीत नाही, आणि चिकटायचं तर अडतीस पटीने.

शनिवारी त्याने रूपालीला विचारलं. सरळ नाही विचारलं. "जरा इथं बस आणि हे बटण दाबून घास," म्हणाला, जसं काही भांडं आहे.

रूपालीने पडद्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली. "मी नाय हात लावणार. तुमचं बेट, तुमी बघा." मग दारातून वळून म्हणाली, "सोमवारी डबा किती वाजता करू?"

आबाजी पडवीत बसून ऐकत होते. "साईनाथ," त्यांनी हाक मारली, "त्या बेटावर उतारा हाय म्हनं?"

"फोटोतला आहे, आबा."

"आन् विमानं त्याच्यावरनं जातात?"

"जातात."

"वलांडून?"

आबाजी बराच वेळ मान हलवत राहिले. त्यांना बहुतेक आत बसलेल्या पाशिंजरांची काळजी वाटली असावी.

शेवटी नाव निघालं ते धाऊचं. ते निघणारच होतं. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतला हा साठीचा माणूस लावणीला, बांधबंदिस्तीला, लाकूड फोडायला आबाजींकडे तीस वर्षं येतो. धाऊ उताऱ्याला भीत नाही. अवसेच्या दुसऱ्या दिवशी तो फाट्यावरून फिरतो आणि नारळ उचलून नेतो. फोडून खातो, चटणी करतो, नातवंडांना देतो. भगत बिगत कुणी नाही तो. त्याला नारळ आवडतो. गावातले लोक त्याला नावं ठेवतात आणि आपल्या दारात कुणी काही टाकलं की पहिला निरोप त्यालाच धाडतात. साईनाथच्या मतांच्या यादीत धाऊ सगळ्यात खाली होता. शिक्षण नाही, मोबाईल नाही, काही नाही.

रविवारी दुपारी धाऊ आला. चपला बाहेर काढून खोलीत शिरला आणि सलूनच्या खुर्चीवर बसायला सांगितल्यावर आधी ती दाबून पाहिली.

"कुठला गाव ह्यो?" त्याने पडद्याकडे बघून विचारलं.

"लांब आहे, धाऊबाबा. समुद्रात."

"मानसं कुठं हायेत?"

"माणसं नाहीत. विमानतळ आहे नुसता."

"मग उतरतं कोन?"

"लोक उतरतात. परदेशातले. घरी बसून."

धाऊने साईनाथकडे नीट पाहिलं, जसं बैल विकत घ्यायच्या आधी त्याच्या तोंडात बघतात. "घरीच बसल्यात, तर मग उतरतात कशाला?"

साईनाथने माऊस त्याच्या हातात दिला, डावं बटण दाबून घासायचं म्हणून सांगितलं. धाऊने माऊस विटेसारखा पकडला. बाण दोनदा पडद्याबाहेर गेला, तिसऱ्यांदा पानावर आला. घासल्यावर पान गेलं आणि तिथे डांबर आलं.

"कुठनं आलं हे डांबर?"

"बाजूचं उचलून तिथं लावतंय."

"हां," धाऊ म्हणाला. "रस्त्यावर कामाला हुतो तवा मुकादम आमच्याकडनं ह्येच करून घ्यायचा."

भात गेला. अंडं गेलं. साईनाथ भिंतीला टेकून उभा होता, हात पाठीमागे, पडद्याला सावलीसुद्धा लागू नये असा. नारळावर आल्यावर धाऊ थांबला.

"ह्यो मी खाल्लाय."

"काय?"

"लोधिवलीचा न्हवं का? शिमग्याच्या आदल्या अवसेचा. ह्यो नारळ मीच नेला संध्याकाळचा. जरा खवट हुता." मग त्याने पडद्याजवळ तोंड नेलं. "आन् ह्यो काळा चौकोन. ह्यो नारळापाशी हुता, मी बघितलेला. म्हटलं ह्ये काय नवीन काढलंय लोकांनी. उताऱ्यात असलं कधी बघितलं नाय."

नारळ आणि लिंबाच्या मधे खरंच काहीतरी काळं, चौकोनी होतं. साईनाथ भिंतीपासून सुटून पुढे आला. मोठं करायला सांगितलं. काळ्या चौकोनावर पांढऱ्या रंगात एफ आणि नऊ.

साईनाथने खाली पाहिलं. त्याच्या की-बोर्डच्या वरच्या रांगेत, आठ आणि दहाच्या मध्ये, तीन महिन्यांपासून भोक होतं. एफ नऊ उंदराने नेलं, असं त्याने जाहीर केलं होतं. पुढे उंदराऐवजी हे लिहिणाऱ्याचं नाव आलं होतं.

दारात रूपाली उभी होती. चहा घेऊन आली होती.

"कधी ठेवलास?" साईनाथ म्हणाला.

"अवसेला." तिने चहा धाऊला दिला. "तुमचा हात ज्याला जास्त लागतो असं कायतरी ठेवायचं असतं. तुमचा हात माज्यापेक्षा त्याला जास्त लागतो. वरच्या ओळीतलं काढलं, तुमची अडचण नको म्हणून."

"कुणी सांगितलं तुला हे असलं?"

"मी सांगितला," पडवीतून आबाजी म्हणाले. "सा वर्सं झाली रं. म्हटलं उतरतंय का बगू."

"पान नीट ठेवलं हुतं," रूपाली म्हणाली. "मागं वळून न बघता घरी आले. तुमीच माणूस धाडून ते उचलून परत घरात आणलंत. वर अडतीस केलेत."

साईनाथने खोलीभर नजर फिरवली. सगळ्यांबद्दलची सगळी मतं त्याला एकदम आठवली असावीत, पण तोंडातून एकच शब्द निघाला. "अंधश्रद्धा."

"मंग तूच का नाय पुसलास?" धाऊने चहाचा घोट घेत विचारलं. खरंच माहिती हवी म्हणून विचारलं, टोमणा नव्हता.

धाऊने नारळ पुसला, लिंबू पुसलं, शेवटी काळा चौकोन पुसला. मग हात झटकून म्हणाला, "आता दुसरा दाव. अडतीस हायेत ना?"

"एकच पुसला की सगळे जातात."

"सगळे?"

"सगळे."

"आन् येवड्यासाठी मला वाडीवरनं बोलावला?" धाऊ उठला. खुर्ची त्याच्यामागे आपोआप वर आली. दाराशी थांबून त्याने सहज विचारलं, "नारळ कुठं हाय?"

"तो पुसला ना आत्ता."

"तो कंप्युटरातला. उतारा उचलला की नारळ उचलणाऱ्याचा."

"घरात नाही आत्ता. उद्या आणून देतो, धाऊबाबा."

बेट रविवारी सहा वाजता चढवलं. आठला हॅल्वरचा मेल आला. स्वच्छ झालं आहे, स्वीकारलं, मंगळवारपासून विक्रीला. खाली एक ओळ होती: "आमच्या तपासणी करणाऱ्या मंडळींना मात्र अंड्यांची सवय झाली होती. आम्ही त्यांच्यावर पुढचं चाक आणून थांबायचो."

म्हणजे साईनाथ जिंकला. त्याने मेल रूपालीला मोठ्याने वाचून दाखवला, आबाजींना मराठीत सांगितला, हे लिहिणाऱ्याला फोन करून ऐकवला. ठरल्याप्रमाणे आता नोकरीचं नाव कुणी काढायचं नव्हतं, आणि कुणी काढलंही नाही. सोमवारी सकाळी रूपालीने रोजच्यासारखं पोळ्या-भाजी केली. सात वाजता साईनाथ आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"भरून दे," तो म्हणाला. "दोन दिवस जाऊन बघतो. त्यांची सिस्टिम कशी आहे ते."

रूपालीने डबा भरला. नोकरीचा हा चौथा महिना. सान बेनेरोच्या एकेचाळीस प्रती खपल्यात, त्यातली एक हॅल्वरने स्वतः घेतली. कंप्युटरवर रूपालीने जुन्या लुगड्याचं फडकं घातलंय. कंपनीत साईनाथ गोंदाचे डबे मोजतो, आणि जेवणाच्या सुट्टीत, आपण मुळात आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या लाईनमधले, इथे तात्पुरते आलोत, असं सांगतो. कंपनीतले लोक अडाणी असल्याचं त्याचं मत झालेलं आहे.

धाऊने उचलला म्हणून उतरलं, असं आबाजी म्हणतात. साईनाथ म्हणतो की आपण स्वतःच्या मनाने सोडलं.

कंपनीची बस पावणेआठला चौकच्या नाक्यावर थांबते. त्या वेळेला रोजंदारीची माणसं तिथे उभी असतात, त्यांत धाऊ असतो. धाऊ खिडकीकडे बघून एक बोट वर करतो, राहिलेल्या एका नारळाचं. साईनाथ मोबाईलमध्ये तोंड घालतो. नाक्यावर वाण्याच्या दुकानात नारळाचं पोतं बाहेरच ठेवलेलं असतं, बसच्या दारापासून सात पावलांवर.